डांबरावर खिळे

आमची गाडी येतेय हे आयर्लंडमधल्या ट्रली या आमच्या गावातल्या लोकांना ती दिसायच्या आधीच कळायचं. कोरड्या डांबरावर ती हळू चालली की पत्र्यावर कुणी मूठमूठ फुटाणे टाकत असल्यासारखा आवाज यायचा, आणि वेग वाढला की त्याची एक सलग घरघर व्हायची. संध्याकाळी हॉस्पिटलच्या लॅबमधून मी बाहेर पडायचे तेव्हा माझ्याबरोबरची टेक्निशियन कान टवकारायची आणि म्हणायची, "चल, तुझा नवरा आला." मी हसून "हो" म्हणायचे आणि खाली बघत गाडीकडे चालायला लागायचे. परक्या गावात आपण आधीच चार लोकांत उठून दिसतो. त्यात गाडीनंही दवंडी पिटावी, हे मला नको व्हायचं.

पण बर्फात रुतणारे धातूचे खिळे बसवलेले ते टायर त्यानं माझ्यासाठीच घेतले होते, म्हणून बोलायची सोय नव्हती.

आमचं भाड्याचं घर गावाबाहेर चढावर आहे. तिथून मोठ्या रस्त्याला लागायला एक अरुंद गल्ली उतरते. दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं, त्यामुळे हिवाळ्यात तिथे ऊन पोचत नाही आणि वरच्या शेतातून झिरपणारं पाणी रस्त्यावरच गोठतं. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी मी कामावर निघाले आणि उताराच्या मध्यावर गाडी माझी राहिलीच नाही. ब्रेक दाबला तरी ती आडवी होत, सावकाश, अगदी निवांतपणे खाली गेली आणि एका घराच्या फाटकाच्या खांबाला टेकली. त्या घरातून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई ड्रेसिंग गाऊनवरच बाहेर आल्या. खांबाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला आत नेलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "या खांबाला आजवर सगळ्यांनी धडक दिलीय, अगदी पोस्टमननंसुद्धा. आता तू इथलीच झालीस."

त्या गावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या, म्हणून आम्ही घरात आपापसात त्यांना 'बाई' म्हणायला लागलो. त्यांचे यजमान जन्मभर लॉरी चालवलेले, फार कमी बोलणारे. फाटकाशी उभे असले तर एक बोट वर करायचे, तोच नमस्कार.

त्या सकाळनंतर माझ्या नवऱ्यानं पुढच्या हिवाळ्याची तयारी सुरू केली. तो सॉफ्टवेअरमधला, घरून काम करणारा. लग्नाआधी कंपनीनं त्याला दोन हिवाळे फिनलंडमध्ये पाठवलं होतं आणि बर्फावरची गाडी तो तिथेच शिकला. हा त्याच्या आयुष्यातला मोठा अभिमानाचा विषय. नोव्हेंबरात टायर आले. गॅरेजवाल्यानं ते हातात घेऊन गोल फिरवले, धातूच्या टोकांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कुठे निघालात? उत्तर ध्रुवावर?"

त्याच आठवड्याच्या शेवटी आम्ही डब्लिनबाहेरच्या ओंगारला गेलो. तिथल्या मराठी मंडळींनी दिवाळीचं जेवण ठेवलं होतं. डब्लिनपर्यंतच्या सगळ्या वाटेवर त्या घरघरीत रेडिओ ऐकू आला नाही. ओंगारच्या त्या एकसारख्या घरांच्या रांगेत आम्ही शिरलो, तर मंडळी आधीच दारात येऊन उभी. पुण्याचा एक मित्र म्हणाला, "अरे, मला वाटलं रोडरोलर आला!"

जेवणानंतर माझा नवरा हातात चकली घेऊन समजावायला लागला. "मुळात आपला घोटाळा भाषेतच आहे. रस्त्यावर गोठतो तोही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फ. दोन्ही वेगळे. काचेसारखा गोठलेला असतो ना, त्याच्यावर रबर काहीही करू शकत नाही. तिथे खिळाच रुततो. त्यातही शून्याच्या आसपासचा, वरून ओलसर, तो सगळ्यात वाईट. तिथे या टायरांना तोड नाही. भुसभुशीत हिमात खिळ्यांचं फारसं काम नसतं. तिथे टायरवरच्या खोल चिरा हिम पकडून धरतात."

"आणि डांबरावर?" मित्रानं विचारलं.

"डांबरावर..." त्यानं चकलीचा तुकडा मोडला. "डांबरावर खिळा मध्ये येतो. रबर जेवढं टेकायला हवं तेवढं टेकत नाही. ओलं असेल तर थोडा आधी ब्रेक मारायचा, बस."

"मग या देशात ओल्या डांबराशिवाय आहे काय, बाबा?"

सगळे हसले. तोही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "काढून टाकू या का? अगदी गरज पडली तर परत लावू." तो म्हणाला, "गरज सांगून येते का?" आणि ऐकू न येणारा रेडिओ मोठा केला.

जानेवारीत खरंच बर्फ पडला. तोही इथल्या नेहमीच्या चिमूटभर पांढुरक्यासारखा नाही. दिवसभर पडत राहिला. कुंपणं वाकली, वीज गेली, आणि सकाळी दार उघडलं तर पायऱ्या कुठे संपतात तेच कळेना. मला ड्युटी होती. नवरा चालवायला बसला, मी शेजारी सीट घट्ट धरून बसले, पण गाडी त्या उतारावरून अशी उतरली की जणू कुणी वरून दोरीनं धरून खाली सोडतंय. आणि आवाज नाही! हिमावर ते टायर अगदी मुके होते. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

मग दोन दिवस माझ्या नवऱ्यानं ऑफिसच्या मीटिंगा गाडीतून केल्या आणि मधल्या वेळात लोकांना ने-आण केली. हॉस्पिटलच्या ग्रुपवर त्याचा नंबर फिरला. आडबाजूच्या वस्त्यांतून त्यानं नर्सेस आणल्या, एक डॉक्टर आणला. ज्या गल्लीत जीप अडकली होती तिथून तो आरामात वर गेला आणि मग उतरून जीपवाल्याला फळी टाकायला मदत करून आला. कँटीनमध्ये मला अनोळखी माणसं येऊन सांगायची, "तुझा नवरा म्हणजे देवमाणूस आहे." मला बरं वाटत होतं, खोटं का बोलू? त्याचा चेहरा तर असा उजळला होता की आयर्लंडला आल्यापासून पहिल्यांदाच तो पुरता इथे आलाय असं वाटावं.

बाईंचे यजमान तेव्हा न्यूमोनियानं हॉस्पिटलमध्ये होते, बर्फ पडायच्या आधीपासूनच. एरवी बाई आपल्या छोट्या गाडीनं रोज जायच्या. आता त्यांना आमच्याशिवाय वाट नव्हती. पहिल्या दिवशी तो फाटकाशी थांबला तेव्हा त्या तयारच उभ्या होत्या. हातात कापडात गुंडाळलेला ब्राऊन ब्रेड, आमच्यासाठी. उतरताना म्हणाल्या, "माझा नवरासुद्धा इतकी हळुवार गाडी चालवत नाही." तो त्यावर दिवसभर खूश होता.

दुसऱ्या रात्री पाऊस लागला आणि थंडी थोडी सैल झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत सगळ्यात वाईट अवस्था होती. हिम दबून त्याची काच झालेली आणि वर पाण्याचा थर. त्यानं चकली हातात धरून सांगितलं होतं, अगदी तसा बर्फ. बाई पुढे बसल्या, मी मागे. टायर कुरकुर कुरकुर करत रुतत होते आणि आम्ही माणसाच्या चालीनं उतरलो. एकदाही घसरलो नाही. बाई म्हणाल्या, "शाब्बास." पोराला म्हणावं तसं.

मग मोठा रस्ता लागला. तिथे मीठ टाकलेलं, बर्फाचा मागमूस नाही. काळं, ओलं, चकचकीत डांबर. फुटाण्यांचा आवाज परत सुरू झाला. गेल्या दोन दिवसांत जिथे जिथे तो गाडी सांभाळून चालवत होता ते सगळं आता मागे गेलं होतं. त्याच्या खांद्यांवरून मला दिसलं की तो सैल झालाय. "सुटलो," तो मला मराठीत म्हणाला, "आता रस्ता मोकळा आहे."

हॉस्पिटलच्या अलीकडच्या सिग्नलला पुढची व्हॅन थांबली. अचानक वगैरे नाही. पिवळा दिवा लागला आणि ती थांबली, जशी थांबायला हवी तशी. त्यानंही ब्रेक दाबला. फुटाणे थांबले आणि एक लांबलचक खरखर सुरू झाली, पाटीवर पेन्सिल उलटी ओढावी तशी. गाडी थांबत होती, पण हवी तेवढी नाही. व्हॅनचं मागचं दार मोठं होत गेलं. त्याच्या तोंडून "अगं अगं अगं" एवढंच आलं. बाईंनी उजवा हात पुढे टेकवला.

धक्का खरं तर लहान होता. काच फुटली नाही, एअरबॅग फुगली नाही. पण बाईंच्या तोंडून एक बारीक आवाज आला, दार लागताना बिजागरी वाजावी तसा, आणि त्यांनी तो हात दुसऱ्या हातात घेऊन छातीशी धरला.

व्हॅनवाला उतरला. आपल्या बंपरवरून त्यानं हात फिरवला आणि म्हणाला, "काही नाही, ग्रँड आहे, झकास. तुम्ही ठीक आहात ना सगळे?" मग त्याची नजर आमच्या चाकाकडे गेली. वाकून त्यानं बोटानं टोक चाचपलं आणि मागच्या गाडीवाल्याला ओरडून सांगितलं, "हे बघा हो! याच्या टायरांत खिळे आहेत!" त्यात वाईट हेतू नव्हता, नुसतं नवल होतं. पण मागे गाड्यांची रांग लागली होती, सकाळच्या पाळीची वेळ होती, आणि त्या रांगेतले निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे होते. काल ज्यांना याच गाडीतून आणलं होतं त्यांतलेही एक-दोन. मी खिडकीतून बाहेर बघायचं टाळत बाईंच्या कोटाची बटणं बघत बसले.

"हात बघू," मी म्हटलं.

"ग्रँड आहे गं," त्या म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते.

तातडीच्या विभागात आम्ही तिघं गेलो. माझी ड्युटी सुरू व्हायची होती, लॅबला कळवून मी तिथेच थांबले. मनगट सुजून विचित्र वाकडं दिसत होतं. खिडकीमागे बसलेल्या नर्सला तर माझ्या नवऱ्यानं आदल्याच दिवशी तिच्या घरून आणलं होतं. त्याला बघून ती मनापासून हसली. "आज कुणाला आणलंस?" मग बाईंकडे वळून विचारलं, "काय झालं?"

बाई म्हणाल्या, "बहिणीच्या दारात घसरले. पायरीवर बर्फ होता."

त्यांची बहीण हॉस्पिटलच्या मागच्याच रस्त्यावर राहते हे आम्हाला माहीत होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. दोघांनाही एकच वाटलं असणार, की या बाई आपल्याला वाचवतायत. काय सांगू, माझ्या मनात आधी सुटकेचाच सुस्कारा आला. शरम त्याच्या मागून आली, पण आली ती ठाण मांडूनच. म्हातारीचं मनगट मोडलंय आणि आपण तिच्या चांगुलपणाच्या आडोशाला उभे आहोत.

नर्स लिहीत होती. आणि मग माझा नवरा बोलला.

"नाही. त्या घसरल्या नाहीत. मी गाडी चालवत होतो. मी व्हॅनला धडक दिली."

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण तो थांबेना. "गल्लीत बर्फ होता, तिथे टायर बरोबर होते. पण इथे डांबर ओलं होतं. ओल्या डांबरावर खिळ्यांमुळे रबर नीट टेकत नाही, थांबायला जास्त अंतर लागतं. हे मला माहीत होतं. मी सगळ्यांना सांगतो हे. मला अंतर ठेवायला हवं होतं. बर्फावर इतकं चांगलं झालं ना, की..." ओंगारला सांगितलेलं तेच सगळं होतं, पण आता एकेक वाक्य अंगावरून कपडा उतरवावा तसं बाहेर येत होतं. बसायच्या जागेतली माणसं बघायला लागली. मी त्याची बाही ओढली. "पुरे रे," मी हळूच म्हटलं. नर्सला काय करावं कळेना. ती मान हलवत राहिली.

बाईंनी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शाळेत वर्गापुढे उभं राहून उत्तर सांगणाऱ्या पोराचं घेतात तसं. मग म्हणाल्या, "झालं तुझं?"

"सॉरी," तो म्हणाला. "तुम्ही आमच्यासाठी खोटं बोलायची गरज नव्हती."

"तुमच्यासाठी?" त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. चिडलेल्या होत्या, आणि त्याहून जास्त दमलेल्या. "अरे, मी त्याच्यासाठी बोलले. वरच्या वॉर्डात पडलाय त्याच्यासाठी. बर्फाची बातमी आली तेव्हाच त्यानं मला शपथ घातली होती की बर्फ वितळेपर्यंत मी त्या उतारावर येणं-जाणं करायचं नाही. जन्मभर लॉरी चालवून त्यानं रस्त्यावर जे पाहिलंय ते तो कधी बोलत नाही, पण मी उतारावर आहे म्हटलं तर त्याचा डोळा लागणार नाही. मी बहिणीकडे राहतेय आणि चालत येतेय असं त्याला वाटतंय. आता माझं प्लास्टर वर पोचायच्या आधी तुझे खिळे वर पोचतील. हे ट्रली आहे."

माझ्या नवऱ्याचा चेहरा मला अजून आठवतो. धडकेच्या वेळीही तो इतका पडला नव्हता. आपण खरं बोलून निदान एक गोष्ट बरोबर केली असं त्याला क्षणभर वाटलं असेल, तीही हातातून गेली. आणि मला वाटलं, किती सहज आपण धरून चाललो होतो की या बाईंच्या मनात आपणच आहोत.

प्लास्टर घातल्यावर बाईंना वर नेलं तेव्हा आम्हीही गेलो. त्यांनी नको म्हटलं नाही, या म्हटलं नाही. यजमान उशांना टेकून बसले होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. त्यांनी आधी प्लास्टर पाहिलं, मग दाराशी उभ्या माझ्या नवऱ्याला. बातमी खरंच आधी पोचली होती. ते रागावले असते तर आम्हाला उभं राहता आलं असतं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि डावा हात त्यांच्या पांघरुणावर ठेवला. तो हात तसाच राहिला, त्यांनी धरला नाही. थोड्या वेळानं बाई मागे न बघता म्हणाल्या, "जा तुम्ही आता."

जिन्यात नवरा म्हणाला, "मी बोलायला नको होतं का?"

मी म्हटलं, "माहीत नाही." अजूनही माहीत नाही.

बर्फ गेल्याबरोबर त्यानं टायर काढून घेतले. यजमान घरी आले. बाईंचा उजवा हात गळ्यात, त्यामुळे मी संध्याकाळी कामावरून आले की खाली जायचे. बटाटे सोलून द्यायचे, केस धुऊन द्यायचे, स्वेटरमधून प्लास्टर अलगद बाहेर काढायचे. माझ्या आईचे केसही मी कधी इतक्या जपून धुतले नव्हते. बाई बोलायच्या भरपूर, शाळेतल्या गमती सांगायच्या, मला हसवायच्या. यजमान शेगडीजवळ पेपर घेऊन बसलेले. माझ्याशी ते नीट वागायचे, चहा झाला का विचारायचे. माझ्या नवऱ्याचं नाव निघालं की पेपरचं पान उलटायचे. तो पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आला होता. पुढे वरच्या वळणापर्यंत सोडायला यायचा आणि मला म्हणायचा, "तू जा. मी इथे आहे."

वसंतात एकदा तो आमच्या दाराबाहेर गाडी धूत होता तेव्हा यजमान काठी टेकत चढ चढून आले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. श्वास लागलेला, थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "सोमवारी तिचा हात दाखवायचा आहे. तिला अजून गाडी चालवता येत नाही आणि मला डॉक्टर चालवू देत नाहीत. नेशील का?"

"नेईन," नवरा म्हणाला. "हो. नेईन ना." नळी त्याच्या हातात तशीच वाहत होती.

यजमान चाकाजवळ वाकले, टायर बघितला, साधाच आहे याची खात्री केली. "उतारावर तू बरोबर होतास, असं ती म्हणते," ते म्हणाले. "मी तिथे नव्हतो." आणि परत उतरायला लागले.

त्यानंतर बाई आमच्या गाडीत पुष्कळदा बसल्या. प्लास्टर निघालं, मनगट जवळजवळ पहिल्यासारखं झालं. आजही त्या बाजाराला आमच्याबरोबर येतात, पुढेच बसतात, आणि वाटभर बोलत असतात. फक्त पुढे सिग्नल दिसला की बोलता बोलता त्यांचा हात आपोआप वर जातो आणि दरवाजावरचा दांडा घट्ट धरतो. त्यांना स्वतःला ते कळतही नसावं. बोलणं थांबत नाही, हसणं थांबत नाही. माझा नवरा किती आधीपासून ब्रेकवर पाय ठेवतो, मागचा हॉर्न वाजवतो इतकी गाडी हळू करतो, तरी तो हात वर जातोच. तो समोर बघत राहतो, मी मागच्या सीटवर पिशव्या सावरत राहते, आणि दिवा हिरवा होईपर्यंत आमच्यापैकी कुणीच त्या हाताकडे बघत नाही.